आकडा घरी आला, तरी काटापावती जपा



श्रीपूर भागात गळीत हंगाम सुरू झाला, की घरोघरी एकच प्रश्न : आपल्या उसाचे वजन किती भरले? पूर्वी त्यासाठी कारखान्यावर खेटे घालावे लागत. ते वाचावेत म्हणून १९९८ साली वारणानगरला एक योजना सुरू झाली. कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे काढून ती कारखान्याशी जोडायची, अशी ती योजना.

दोन संगणक टेलिफोनवरून जोडायचे, तर दोन्हीकडे मोडेम लागतो. एक मोडेम आकड्यांचा आवाज करून तारेवर सोडतो. पलीकडचा त्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. एकाने नंबर फिरवायचा, दुसऱ्याने उचलायचा. दोन्हीकडे वेग आणि पद्धत एकच लावलेली हवी. नाहीतर पडद्यावर नुसती अगम्य अक्षरे उमटतात.

पुढे वारणेतच मोबाईलच्या संदेशावर माहिती देण्याचा प्रयोग झाला.

पण एक ध्यानात ठेवा. तार असो वा मोबाईल, तो दिलेला आकडा पोचवतो. काट्यावरचे वजन खरे होते का, हे त्याला कळत नाही. नोंद चुकली, तर चुकीचाच आकडा झटपट घरी येईल.

म्हणून प्रत्येक खेपेची काटापावती वहीत चिकटवा. बिल आले, की घरातल्या शिकत्या मुलामुलींना बेरीज करायला बसवा. फरक दिसला, तर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या. एका टनातही वर्षभराचा घाम असतो.