काट्याची साक्ष

पुण्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर किंवा हनुमान टेकडीच्या वाटेवर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे जी वर्दळ असते, ती महाशिवरात्र येईतो पुष्कळच विरळ झालेली असते, हे तेथे बारमास जाणाऱ्या कोणाच्याही परिचयाचे आहे. ओसरलेल्या त्या गर्दीतील माणसांना आळशी ठरवून मोकळे होण्याचा आपल्याकडे प्रघात आहे; मला तो अन्यायाचा वाटतो. ज्यांनी दीड-दोन महिने थंडीत अंथरूण सोडले, चहातली साखर वर्ज्य केली, लग्नाच्या पंगतीत जिलबीचे ताट हात जोडून परत पाठविले, त्यांच्या अंगी निग्रह नव्हता असे कोणत्या तोंडाने म्हणावे? त्यांचा उडतो तो विश्वास, आणि तो उडण्यास बहुतेक वेळा न्हाणीघराच्या कोपऱ्यातील वजनकाटा कारणीभूत होतो.

हा मामला समजून घ्यावयाचा तर थोडे गणित पत्करले पाहिजे. मनुष्यदेहातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांकांचा साठा असतो. नित्याच्या आहारातून रोज ५०० उष्मांक वगळणे हे काही लहानसहान काम नव्हे; पण ते निष्ठेने केले तरी आठवड्याअखेर जेमतेम अर्धा किलो चरबी खर्ची पडते. उलटपक्षी, खारट खाण्याने, रात्री उशिरा जेवल्याने, कोठा साफ न झाल्याने, स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीच्या आगेमागे, त्याच शरीराचे वजन एक-दोन किलोंनी सहज खालीवर होते. म्हणजे जे मोजावयाचे ते अर्धा किलो, आणि ते ज्याच्याखाली दडते तो चढउतार त्याच्या दुप्पट-चौपट. पहिला पंधरवडा तर अधिकच फसवा. आहार घटताच यकृतात व स्नायूंत साठविलेले ग्लायकोजेन खर्च होऊ लागते. त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, तेही निघून जाते, आणि काटा भराभर उतरतो. माणूस हरखतो, चार जणांना सांगतो, आणि मग काटा थबकतो. चरबीच्या वसुलीला खरा आरंभ व्हावयाचा तो याच सुमारास, आणि नेमका याच सुमारास मनुष्य खचतो.

माझ्या एका वहिनी निबंधक कार्यालयातून सेवानिवृत्त झाल्या आहेत, त्यामुळे नोंदीची शिस्त त्यांच्या हाडीमासी खिळलेली. रक्तातील साखर सीमेवर येऊन ठेपली आहे, असे डॉक्टरांनी सांगताच त्यांनी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेत, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, रोज सकाळचे वजन लाल शाईने लिहिण्यास सुरुवात केली. मी गेलो तेव्हा या उद्योगाला दोन महिने होत आले होते, आणि त्या आठवड्याच्या रकान्यांत ७१.४, ७०.८, ७१.६, ७०.७, ७१.१ असे आकडे होते. फोडणीचे तेल बुधलीतून न ओतता चमच्याने मोजून पडत होते, एकादशीची साबुदाण्याची खिचडी जाऊन तेथे वरीचा भात व दाण्याच्या आमटीऐवजी ताक आले होते, आणि संध्याकाळचे अर्ध्या तासाचे चालणे एकदाही चुकले नव्हते. "भाऊजी, मी काही चोरून खात नाही हो," त्या एकाएकी म्हणाल्या, "मग हे असं का?" त्या स्वरात पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाची काकुळती होती. काट्याने साक्ष दिली होती, आणि कसलाही अपराध नसताना त्या तिच्यापुढे मान खाली घालू लागल्या होत्या.

आम्ही दोघे जेवणाच्या मेजावर दिनदर्शिका घेऊन बसलो आणि आठवड्या-आठवड्याची सरासरी काढली. पहिल्या आठवड्याची ७२.५ भरली, त्या आठवड्याची ७१.१. दीड किलोला थोडी कमी अशी ही घट रोजच्या आकड्यांत कोठेही दिसत नव्हती. सरासरीत ती आठवड्यामागून आठवडा, एखाददुसरा अपवाद वगळता, सरळ खाली आली होती. १.४ किलो चरबी म्हणजे जवळजवळ ११,००० उष्मांक. चहाच्या एका चमच्यात मावणाऱ्या तेलाचे सुमारे ४० उष्मांक होतात हे ध्यानी घेतले, तर कढईत न पडलेल्या तेलाचा हिशेब त्या घटीत स्पष्ट दिसत होता. पुढे तीन महिन्यांनी रक्ततपासणी झाली, रक्तातील साखरेची सरासरी दाखविणारे एचबीए१सी ६.२ वरून ५.८ वर आले होते, आणि कंबरेचा घेर ९१ सेंटिमीटरांवरून ८७ वर. वजनाने सांगितले त्याहून कितीतरी अधिक रक्ताने आणि फितीने सांगितले.

काटा थबकण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते ठाऊक नसल्यामुळे फार लोक हकनाक स्वतःस बोल लावून घेतात. शरीर हलके होते तसा त्याचा नित्याचा खर्चही घटतो. त्यामुळे तीच कपात पुढील महिन्यात पहिल्याइतके फळ देत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या गणितानुसार, आहारातील कपात कायम ठेवली, तर तिच्यामुळे व्हावयाच्या एकंदर घटीपैकी निम्मी घट होण्यास सुमारे एक वर्ष लागते, आणि ९५ टक्के घट होण्यास सुमारे तीन वर्षे. तीन महिन्यांत पंधरा किलोंचा वायदा करणाऱ्या जाहिराती ज्या शहराच्या चौकाचौकांत लागल्या आहेत, तेथे ही मुदत ऐकून माणसाचा धीर सुटावा हे स्वाभाविक आहे. मला मात्र तिच्यात मोठा दिलासा दिसतो: सहा महिन्यांनी मंदावलेले शरीर आपल्या नियमानेच चालले आहे, बंड करून उठलेले नाही.

आणि भारतीय शरीराच्या बाबतीत तर काट्याची साक्ष मुळातच अपुरी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध केले. उंची व वजन यांवरून काढलेला देहभारांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या बाबतीत २१.२ टक्के. आपल्या लोकांत पोटाभोवती, अवयवांच्या आसपास साठणारी चरबीच विशेष घातक, आणि तिच्याविषयी काटा मौन पाळतो. म्हणून आपल्याकडे कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर अशी कडक धरतात.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला भारतीय मधुमेह प्रतिबंधाचा अभ्यास तर प्रत्येक निराश झालेल्या माणसास कोणीतरी वाचून दाखवावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ माणसांपैकी ज्यांना आहार व चालणे यांचा परिपाठ घालून दिला, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका, केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्यांच्या मानाने, २८.५ टक्क्यांनी कमी झाला. आणि त्यांचे वजन म्हणण्यासारखे उतरले नव्हते. वजन उतरल्यास लाभ अधिक होतो, यात शंका नाही. अमेरिकेतील तशाच अभ्यासात, जेथे सात टक्के वजन घटविण्याचे उद्दिष्ट होते, धोका ५८ टक्क्यांनी घटला. तथापि काटा जागचा हलला नाही म्हणून चालणे व्यर्थ गेले, असा निष्कर्ष काढण्यास चेन्नईच्या त्या दाखल्यानंतर कोणासही आधार उरत नाही.

चरकाने सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाचा विचार करताना व्यायाम, जागरण व चिंतन ही हळूहळू वाढवीत न्यावी असे सांगितले आहे. पहिल्याच दिवशी शरीरावर तुटून पडण्यास त्याची संमती नाही. परंतु हळूहळू चालणाऱ्या कामात टिकून राहण्यास केवळ ज्ञान पुरत नाही, सोबत लागते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो निव्वळ ग्रंथ लिहून नव्हे. ते स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालीत, राजवाड्यातील माणसे घालीत, संस्थानच्या शाळांतील मुलांचाही तो रोजचा परिपाठ होता. ज्या घरात एकट्या बाईसाठी वेगळी भाजी शिजते आणि बाकीच्यांसाठी पुरी-श्रीखंड होते, त्या घरात तिचा नेम वर्षभर टिकावा ही अपेक्षा निर्दयपणाची आहे. कढईतील तेल कमी व्हावयाचे तर ते सगळ्यांच्या ताटांतून कमी झाले पाहिजे, आणि संध्याकाळी तिने चप्पल पायांत घातली की घरातील आणखी एकाने तरी उठले पाहिजे. हळदीकुंकवाला भेटलेल्या नातलगांनी "किती उतरलं गं?" असे विचारणे थांबविले, तर तेही मोठे साहाय्य होईल.

पण या सर्वांत पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी डॉक्टरांची आहे. ‘वजन कमी करा’ एवढे फर्मान चिठ्ठीवर लिहून रोग्यास निरोप देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, सकाळी पोट रिकामे असताना वजन करावे. महिन्यातून एकदा शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, फीत लावावी. काटा मध्ये दीड-दोन महिने हलणार नाही, तेव्हा घाबरू नये. आणि तीन महिन्यांनी रक्त तपासावे. हे सारे सांगावयास दोन मिनिटे लागतात, आणि तालुक्याच्या दवाखान्यात दीड तास बाकावर बसलेल्या बाईला ती दोन मिनिटे मिळालीच पाहिजेत.