पाठ टेकल्यानंतरची लढत

मिश्र युद्धकलेचा, म्हणजे एमएमएचा विषय निघाला की ‘हे तर आमच्या तालमीतलेच’ असे आपण कोल्हापूरकर सहज म्हणून जातो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा दावा पटत नाही.

प्रहार आणि पकड यांचा मेळ प्राचीनच आहे. ग्रीकांच्या ऑलिंपिकमध्ये इ.स.पू. ६४८ पासून ‘पँक्रेशन’ खेळले जाई. आधुनिक टप्पा १२ नोव्हेंबर १९९३ चा. डेन्व्हरमधील पहिल्या यूएफसी स्पर्धेत वजनगट नव्हते. तरीही सडपातळ रॉयस ग्रेसीने एकाच रात्री तिघांना शरण आणले. पाठ जमिनीला टेकल्यावरही लढता येते, हे त्याच्या ब्राझिली जुजुत्सूचे सूत्र होते. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती चितपट! पुढे वजनगट, फेऱ्या आणि निषिद्ध प्रहार ठरले, तेव्हा कुठे त्या झुंजीचा खेळ झाला.

खेळ घडतो तो नियमांनी. लाल मातीतले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला मॅटवर सहावे आले. मॅटचे तंत्र आत्मसात करून १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. आज एमएमएकडे वळणाऱ्या मल्लालाही पूर्वजांच्या गौरवापेक्षा खाली पडून लढण्याचा सरावच अधिक उपयोगी पडेल.