दाढ काढण्याआधी

दाढ काढली, कळ थांबली नाही; मग शेजारची काढली, तीही फुकट गेली. चेहऱ्याच्या एका बाजूला विजेसारखी कळ मारणाऱ्या ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’ या विकाराची कहाणी पुष्कळदा अशीच सुरू होते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ही भीती अधिक. तालुक्याला यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. एका खेपेत दुखणे संपावे, असे कोणालाही वाटणारच.

खरे तर ही कळ ओळखणे फार अवघड नाही. ती काही सेकंद, फार तर दोन मिनिटे टिकते. तोंड धुताना, भाकरी चावताना, नुसता गार वारा लागला तरी उठते. किडलेली दाढ सहसा ठणकत राहते. पहिले औषध म्हणजे कार्बामॅझेपिन, मिरगीवरची जुनी, स्वस्त गोळी. ती राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. तेवढ्यासाठी मुंबई गाठावी लागू नये. मात्र अंगावर पुरळ उठले तर ताबडतोब डॉक्टरांकडे यायचे, हे रुग्णाला त्याच्या बोलीत सांगायला हवे.

गोळीने भागेनासे झाले की शस्त्रक्रियेचा विचार होतो. मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी या मज्जातंतूला टेकलेली असते, हे वॉल्टर डँडी यांनी १९३० च्या दशकात नोंदवले. पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकापासून सूक्ष्मदर्शकाखाली ती अलग करण्याची पद्धत रुजवली. कानामागे हाडाला छोटी खिडकी करून दोघांमध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. बहुतेकांची कळ थांबते. काहींची काही वर्षांनी परतते, आणि त्या कानाने कमी ऐकू येण्याचा धोकाही असतो. शरीर थकलेल्यांसाठी गालातून सुई घालून तंतू बधिर करण्याचा मार्ग आहे.

अशा शस्त्रक्रियेसाठी केईएमसारखी मोठी रुग्णालयेच गाठावी लागतात. डहाणूहून लोकल तरी आहे. तलासरीकराला आधी स्टेशन गाठायचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदू व मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रिया आहेत, पण कोणत्या रुग्णालयात, कोणाला भेटायचे, हे चिठ्ठीवर लिहून देणारे कोणी हवे. ते काम डहाणूच्या उपजिल्हा आणि तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयाचे. आणि त्याआधी, दाढ काढायला आलेल्याच्या केसपेपरवर दोन प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असावीत: कळ किती वेळ टिकते, आणि कशाने उठते?