आरटीईची सोडत : नशिबाच्या आधी नियम असतात

आरटीईच्या सोडतीचा निकाल लागला की वस्त्यांमधून दरवर्षी एकच वाक्य ऐकू येते, 'आमच्या पोराचं नशीब नाही.' खरवईत आणि बदलापूर-अंबरनाथच्या इतर वस्त्यांत पालकांचे ऑनलाइन अर्ज भरून देताना आम्हीही ते अनेकदा ऐकले आहे. दैववाद नाकारून धम्म स्वीकारलेल्या समाजाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, आणि ते खरेही नाही. चिठ्ठी संगणक काढतो. पण चिठ्ठ्यांमध्ये कोणाचे नाव जाणार, कोणत्या शाळांच्या जागा असणार आणि आधी कोणाचा विचार होणार, हे माणसांनी लिहिलेले नियम ठरवतात.

काही गोष्टी विकायच्या नाहीत, असे समाज ठरवतो. मूत्रपिंड विकणे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. मग ते गरजूला मिळावे कसे? 2011 च्या दुरुस्तीने एक वाट दिली. दोन कुटुंबांत आपापल्या रुग्णाशी दात्याचे जुळत नसेल, तर ती दात्यांची अदलाबदल करू शकतात. यात पैशाचा व्यवहार नाही, फक्त जुळणी. अशी जुळणी नीट कशी करावी, यावरच्या कामासाठी ॲल्विन रॉथ आणि लॉइड शॅप्ली यांना 2012 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. शाळाप्रवेश हाही याच अभ्यासाचा विषय आहे. किंमत बाजूला केली की वाटपाची सगळी सत्ता नियमांकडे जाते.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 12(1)(सी) ने खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशाच्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी बाजाराबाहेर काढल्या. ही गोष्ट शाळाचालकांना पहिल्यापासून खुपली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, तरी वाद मिटला नाही. सरकार देत असलेली फीची प्रतिपूर्ती अपुरी आणि थकलेली आहे, ही शाळांची तक्रार आहे. ती तक्रार सरकारकडे मांडायची असते, तिची शिक्षा मुलांना देता येत नाही.

तरी 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्य सरकारने नेमके तेच केले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्क्यांतून सूट, अशी अधिसूचना निघाली. सोडत बंद झाली नव्हती, पोर्टल चालू होते, आरक्षणाचा शब्दही कोणी काढला नव्हता. फक्त एका वाक्याने ज्या शाळांसाठी पालक अर्ज करतात, त्या बहुतेक शाळा यादीतून गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि 19 जुलैला ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. जागा परत आल्या त्या नशिबाने नव्हे, तर कोणीतरी नियम वाचला आणि न्यायालयात गेले म्हणून.

पण सगळेच नियम अधिसूचनेत ठळकपणे दिसत नाहीत. खरवईतले उदाहरण घ्या. एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करणारे कुटुंब चाळीत भाड्याने राहते. निवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि चाळमालक करार नोंदवायला तयार नसतो. दुसरीकडे शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील मुलांना प्राधान्य, त्यानंतर एक ते तीन किलोमीटर. म्हणजे चांगल्या शाळेजवळ घर परवडणाऱ्याचा नंबर आधी. नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी लागली, तर अंतर बदलते आणि पडताळणीत प्रवेश जाऊ शकतो. परराज्यातले जातीचे प्रमाणपत्र चालत नाही. यात कुठेही 'बौद्धांना वगळा' असे लिहिलेले नाही. तरीही गाळणी लागते ती कागद नसलेल्यांनाच.

इथे समाजाने स्वतःकडेही पाहायला हवे. अनुसूचित जातीच्या बालकासाठी आरटीईत उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे पगारदाराचे मूल आणि नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराचे मूल एकाच सोडतीत असतात. उत्पन्नाची अट घाला, असे आम्ही म्हणणार नाही. पगार आला म्हणून जात सुटत नाही, हे आपण रोज पाहतो. मात्र पगारदाराकडे स्वतःच्या घराचे कागद, इंटरनेट आणि वेळ असतो, मजुराकडे यातले काहीच नसते. दोघांची चिठ्ठी सारखी दिसते, पण चिठ्ठीपर्यंतची वाट सारखी नाही. म्हणून शिकलेल्यांनी आपला अर्ज भरून झाल्यावर आणखी चार घरांचे अर्ज भरून द्यावेत. हे उपकार नव्हेत, परतफेड आहे.

अमेरिकेतल्या बोस्टन शहराने 2005 मध्ये शाळाप्रवेशाची जुनी पद्धत बदलली. जुन्या पद्धतीत पसंतिक्रम चतुराईने लावणाऱ्या पालकांना फायदा व्हायचा, आणि खरी पसंती लिहिणारे साधे पालक मागे पडायचे. आपल्याकडेही असा सापळा आहे. निवड झालेल्या शाळेत प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेरीत संधी नाही. पालक दहा शाळा भरून टाकतात, लांबची शाळा लागते, व्हॅनचे भाडे परवडत नाही आणि वर्ष हातचे जाते. मूल खरोखर जाऊ शकेल तेवढ्याच शाळा निवडा, हे त्यांना अर्ज भरतानाच सांगायला हवे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. भाडेकरूंना निवासाचा पर्यायी पुरावा चालावा, शाळांची प्रतिपूर्ती वेळेवर व्हावी, आणि कोणता अर्ज कोणत्या कारणाने बाद झाला हे पालकाला लेखी कळावे. या मागण्या मान्य होईपर्यंत थांबायचे कारण नाही. दिवाळीनंतर प्रत्येक विहारात एका रविवारी कागदपत्रांची तपासणी ठेवता येईल. जातीचा दाखला, जन्मदाखला आणि भाडेकरार, यातले काय कमी आहे ते तेव्हाच कळले, तर जानेवारीत तहसील कार्यालयात धावपळ होणार नाही.