हुकूम दुरून, किल्ली घरात

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. एकट्याने दार उघडायचे म्हटले तर ते उघडत नाही. या पद्धतीला आम्ही ‘जॉइंट कस्टडी’ म्हणत असू. बाहेरच्या माणसाला तिच्यात अविश्वासाचा वास येतो. आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढल्यावर माझे मत मात्र असे झाले आहे, की ही माणसाला दिलेली सवलत आहे. मोहाचा, धाकाचा किंवा नुसत्या थकव्याचा क्षण प्रामाणिक माणसावरही येतो. त्या क्षणी तो तिजोरीसमोर एकटा असू नये, एवढेच ती दुसरी किल्ली बघते.

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे ‘स्वतःची बँक स्वतः व्हा’ ही बिटकॉइनवाल्यांची आवडती घोषणा. तिच्यात तथ्य नाही असे नाही. २००८ साली अमेरिकेतल्या मोठमोठ्या वित्तसंस्था कोसळल्या, सरकारांनी जनतेच्या पैशाने बँका तारल्या, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी बिटकॉइनचा आराखडा जाहीर केला. ३ जानेवारी २००९ ही तारीख असलेल्या त्याच्या पहिल्या ब्लॉकमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चा, बँकांना पुन्हा वाचवण्याविषयीचा मथळाच नोंदवून ठेवलेला आहे. आम्हा बँकवाल्यांनी तो वाचून मान खाली घालावी हे खरे. पण बँक व्हायचे एकदा ठरले, की बँकेची रोजची कामे कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

माझ्या भाच्याने पुण्याच्या घरात अशी एक बँक थाटली आहे. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, कपाटावर ठेवलेली. तिला ‘नोड’ म्हणतात. नोड म्हणजे सगळी खतावणी स्वतःजवळ ठेवणारा संगणक. २००९ पासून आजवर बिटकॉइनचे जेवढे व्यवहार झाले त्या सर्वांची प्रत त्यात असते; ती आता सहाशे जीबीच्या पुढे गेली आहे. नवा व्यवहार आला, की नोड तो स्वतः पडताळून पाहतो, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. हा गुण मला फार आवडला. आमच्याकडेही चांगला अधिकारी बेरीज स्वतः मारून पाहत असे.

या पेटीला पडदा नाही, कळफलक नाही. भाचा बंगळुरूच्या ऑफिसातून तिला हुकूम सोडतो आणि ती उत्तर देते. या सोयीचे नाव ‘आरपीसी’, म्हणजे ‘रिमोट प्रोसिजर कॉल’. बिटकॉइनच्या मूळ प्रणालीत तिच्यासाठी ८३३२ क्रमांकाची खिडकी ठरलेली आहे. त्या खिडकीशी ‘गेटब्लॉककाउंट’ म्हटले की खतावणीत किती ब्लॉक जमा झाले ते कळते. ‘गेटबॅलन्स’ म्हटले की शिल्लक कळते. ‘सेंडटूॲड्रेस’ म्हणून पत्ता आणि रक्कम दिली की पैसे रवाना होतात. ‘स्टॉप’ म्हटले की दुकान बंद.

‘‘म्हणजे शिल्लक विचारायची खिडकी आणि पैसे द्यायची खिडकी एकच?’’ मी विचारले.

‘‘एकच, मामा. पासवर्डही एकच.’’

माझ्यातला पासिंग ऑफिसर तिथेच जागा झाला.

ऐंशीच्या दशकात मी नोकरीला लागलो तेव्हा पैसे दुरून पाठवण्याचा मार्ग म्हणजे टी. टी., टेलिग्राफिक ट्रान्स्फर. तारेतला हुकूम आला म्हणून आम्ही पैसे देत नसू. त्या तारेत एक टेस्ट नंबर असे. तारीख, रक्कम आणि अनुक्रमांक यांवरून गुप्त पुस्तकातल्या कोष्टकांच्या आधारे तो काढावा लागे. तो जुळला तर पुढची पायरी. एकदा तो जुळलेला असतानाही आमच्या एका वरिष्ठांनी रक्कम अडवून धरली होती. म्हणाले, ‘‘हा माणूस शनिवारी कधी पैसे उचलत नाही. ट्रंक कॉल लावा.’’ हुकूम खराच निघाला आणि त्या गिऱ्हाइकाने आम्हाला चार शब्द सुनावले. वरिष्ठांनी ते शांतपणे ऐकून घेतले. अशी बोलणी खाणे हाही आमच्या पगाराचाच भाग होता.

नोडला शनिवार कळत नाही. पासवर्ड बरोबर आहे का, एवढेच तो विचारतो. हुकूम सोडणारा कोण आणि आजच का, हे विचारण्याची सोय त्याच्यात नाही. त्याच्याइतका आज्ञाधारक नोकर मी पाहिला नाही, आणि भीती आहे ती त्या आज्ञाधारकपणाचीच.

ही भीती कादंबरीकाराची कल्पना नव्हे. इथेरियम या दुसऱ्या चलनाच्या नोडची अशीच एक खिडकी आहे, क्रमांक ८५४५. ती नीट न बांधता जगाला उघडी ठेवली तर खात्यातले पैसे दुरून काढता येतील, असा इशारा इथेरियम फाउंडेशनने ऑगस्ट २०१५ मध्येच दिला होता. तरी जून २०१८ मध्ये नेटलॅब या चिनी सुरक्षा संशोधकांच्या गटाने दाखवून दिले, की अशा उघड्या खिडक्यांतून एकाच टोळीने ३८,६४२ इथर, म्हणजे तेव्हाच्या भावाने दोन कोटी डॉलरहून अधिक, जमा केले होते. अशा चोरीची रीत साधी. चोराचा प्रोग्रॅम उघड्या नोडला सारखा पैसे पाठवण्याचा हुकूम सोडत राहतो. खाते कुलूपबंद असेपर्यंत नोड नकार देतो. मग कधीतरी मालक स्वतःच्या कामासाठी पासवर्ड देऊन खाते उघडतो. ते काही मिनिटे उघडेच राहते, आणि तेवढ्यात चोराचा पुढचा हुकूम येऊन पोचतो. कुलूप मालकानेच काढलेले असते. चोर फक्त दाराशी उभा असतो.

खिडकी घरापुरतीच उघडी असली म्हणजे निर्धास्त, असेही नाही. जानेवारी २०१८ मध्ये इलेक्ट्रम या बिटकॉइनच्या पाकिटात असा दोष उघड झाला, की त्याच संगणकावर एखादे वेबपान उघडले, तर ते पान पाकिटाला परस्पर हुकूम सोडू शकत होते. पाकिटाला पासवर्ड नसेल तर पैसेच धोक्यात. दोष लगेच दुरुस्त झाला. पण घरात आलेला पाहुणा आणि घरचा माणूस यांतला फरक यंत्राला सांगून ठेवावा लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

वाचक म्हणतील, बँका तरी कुठे सुरक्षित आहेत? प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरट्यांनी दुरून हुकूम सोडूनच सुमारे ९४ कोटी रुपये काढले. एटीएमच्या व्यवहारांना होकार देणारी यंत्रणाच त्यांनी बनावट उभी केली होती. पण त्यानंतर काय झाले तेही पाहावे. ठेवीदारांच्या खात्यांना झळ लागली नाही, नुकसान बँकेने सोसले. हाँगकाँगला गेलेल्या रकमेपैकी काही परत मिळवता आली. आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. बँक बुडाली तरी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे कवच आहे. बिटकॉइनच्या खतावणीत नोंद पक्की झाली, की ती उलटवणारा कोणी नाही. स्टॉप पेमेंटचा अर्ज द्यायला टेबलच नाही. आपल्या सरकारने १ एप्रिल २०२२ पासून या चलनांच्या नफ्यावर तीस टक्के कर बसवला. पण करदात्याला संरक्षण आपोआप मिळते, अशा समजुतीत कोणी राहू नये.

मग तरुणांनी हा उद्योग सोडून द्यावा का? तसे मी म्हणणार नाही. म्हटले तरी ऐकणार कोण? माझे म्हणणे एवढेच, की बँक व्हायचे तर बँकेची शिस्तही घरी आणा. तिची सगळी साधने त्या नोडमध्ये आहेत. ती वापरण्याचा कंटाळा तेवढा सोडायला हवा.

बिटकॉइनच्या नोडची खिडकी मुळात त्याच संगणकापुरती उघडी असते. ती बाहेरच्या जगाला उघडण्याचा मोह टाळावा. त्या खिडकीशी होणारे बोलणे सांकेतिक नसते. पासवर्ड पोस्टकार्डावर लिहून पाठवावा तसा तो जातो, वाटेतला कोणीही वाचू शकतो. दुरून बोलायचेच असेल तर एसएसएच किंवा व्हीपीएनचा बंद बोगदा आधी बांधावा. बघणारा आणि देणारा वेगळा करावा : कोणत्या नावाने आलेल्याला कोणते हुकूम सोडता येतील याची यादी ठरवून देण्याची सोय २०२० पासून उपलब्ध आहे. ऑफिसातून फक्त खतावणीची स्थिती पाहायची असेल तर पैसे पाठवण्याचा अधिकार त्या नावाला द्यायचाच कशाला? पाकीट उघडताना ते किती सेकंदांसाठी उघडायचे हेही सांगावे लागते. तिथे साठ लिहावे, दिवसभराचे सेकंद लिहू नयेत. आणि सर्वांत उत्तम म्हणजे किल्ली नोडमध्ये ठेवूच नये. नोडने व्हाउचर तयार करावे, सही मात्र हातातल्या वेगळ्या उपकरणावर, रक्कम आणि पत्ता वाचून व्हावी. आमच्याकडे व्हाउचर करणारा आणि पास करणारा कधीच एक नसे.

‘वाचून’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या पाकिटातून तेवीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. त्या पाकिटाला अनेक सह्या लागत होत्या, आणि सह्या झाल्याही. पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे कंपनीचे म्हणणे. ग्राहकांची नाणी त्यानंतर वर्षाहून अधिक काळ अडकून पडली. सह्या कितीही वाढवल्या, तरी सही करणाऱ्याने समोरचा कागद खरा आहे की नाही हे पाहिलेच पाहिजे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सगळे आपल्या आवाक्याबाहेरचे वाटेल. तसे ते नाही. मुलाच्या किंवा नातवाच्या कपाटावर अशी पेटी दिसली, तर तिचे तंत्र समजून घेण्याच्या भानगडीत पडू नका. तीन प्रश्न विचारा. या पेटीला हुकूम कोण सोडू शकतो? त्याला पैसे देता येतात की फक्त पाहता येतात? आणि दुसरी किल्ली कोणाकडे आहे? उत्तरे चटकन आली तर पोराच्या पाठीवर थाप द्या. तो अडखळला, तर त्याच्याजवळ बसा आणि उत्तरे तयार होईपर्यंत उठू नका. शनिवारी पैसे अडवून धरणारा अधिकारी त्या पेटीत नाही. ते काम घरातल्याच कोणीतरी अंगावर घ्यावे लागेल, आणि वेळप्रसंगी चार शब्द ऐकून घ्यावे लागतील.