राउटरला कशाला बोल लावता?

आमच्या घरात लॅपटॉप एकच. दिवसा तो माझ्याबरोबर ऑफिसात, रात्री धाकट्या बहिणीकडे. परवा तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची रात्र, वाय-फाय जोडलेलं दिसतंय, पण एक पान उघडेल तर शपथ! अब्बांनी राउटर तीनदा बंद-चालू केला. बिचाऱ्या राउटरचा दोष नव्हताच. त्याच दुपारी ऑफिसात लॅपटॉपमध्ये प्रॉक्सी भरून दिली होती. विंडोज प्रत्येक वाय-फायचा पासवर्ड वेगळा लक्षात ठेवतं, हाताने भरलेली प्रॉक्सी मात्र सगळीकडे तीच लावतं. म्हणजे लॅपटॉप घरी येऊनही ऑफिसचंच दार शोधत बसतो. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘प्रॉक्सी’. ती बंद करायची, सकाळी ऑफिसात पुन्हा चालू. आयपी पत्ताही हाताने भरला असेल तर घरी तो ‘ऑटोमॅटिक’ हवा. (मॅकवाल्यांचं बरं आहे, ‘लोकेशन’ बदललं की दोन्ही बदलतात.)

कामाला स्वतःचा लॅपटॉप आणायला लावणाऱ्या ऑफिसांनी एवढं तरी पहिल्याच दिवशी सांगावं. आणि आपण विचारावं. मी विचारलं नाही. पदवी संगणकाची, मग विचारायचं कसं? अर्ज गेला तेव्हा पावणेबारा वाजले होते.