पैसे परत मिळाले ना, मग तक्रार कसली?

ऑनलाइन घेतलेली वस्तू खराब निघाली तर पैसे परत मिळतात, ह्याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. दोन बटणं दाबायची, दुसऱ्या दिवशी माणूस दारात, आठवड्याभरात पैसे खात्यात. सोय उत्तमच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. बिघडलेली वस्तू कधीकधी एकटी जात नाही, घरातलं आणखी काही घेऊन जाते. तेव्हा हीच सोय आपल्या अंगाशी येते.

आमच्याच इमारतीतलं उदाहरण सांगतो. वॉशिंग मशीनला पाणी देणारा पाइप, किंमत ३४९ रुपये. दीड महिन्यात जोडापाशी फुटला, तोही घरात कुणी नसताना. पाणी थेट बेडरूममध्ये. तिथे पलंगाच्या बॉक्समध्ये (मध्यमवर्गीय घराची खरी तिजोरी तीच!) दोन पैठण्या, सासूबाईंचा शालू आणि लग्नाचा अल्बम. शालूचा लाल रंग पैठणीवर उतरला, अल्बमची पानं एकमेकांना चिकटली, पलंगाचं प्लाय फुगलं. खालच्या काकांच्या छताचं पीओपी पडलं, तो खर्चही ह्यांनीच दिला.

फोनवरची मुलगी फार गोड बोलली म्हणे. "सर, आम्ही आपल्याला संपूर्ण रक्कम परत करत आहोत. वस्तू पॅक करून ठेवाल का?" संपूर्ण रक्कम म्हणजे ३४९ रुपये!

ह्या 'संपूर्ण' शब्दालाच माझी हरकत आहे. कायदा असं म्हणत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली झाला, २०२०च्या जुलैत लागू झाला. त्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीवर एक आख्खं प्रकरण आहे. हानीच्या व्याख्येत पहिलंच काय, तर त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेचं नुकसान. त्यापायी झालेला मनस्तापही धरला आहे. (धंद्याचं, कमाईचं नुकसान मात्र ह्यात मिळत नाही.) शिवाय बनवणारा कोण हेच कळत नसेल, किंवा तो भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर बसला असेल, तर विकणाऱ्याला जबाबदार धरता येतं. स्वस्त, बिननावाच्या आयात मालासाठी हे कलम फार मोलाचं आहे. 'आम्ही फक्त मधले, विक्रेता दुसराच' हे उत्तर मिळणार हे गृहीत धरून तक्रारीत विक्रेता, उत्पादक आणि वेबसाइट अशी तिघांचीही नावं घालावीत.

खरी मेख आहे ती 'वस्तू पॅक करून ठेवा' ह्यात. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरवता येण्याजोगा नसेल तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण पाठवायला ती हवी ना! एकदा का पाइप पोत्यात भरून गेला की समोरचा खुशाल म्हणणार, तुमच्या प्लंबरनेच तो नको तेवढा आवळला असेल. चुकीच्या वापराचा बचाव कायद्याने त्यांना दिलेलाच आहे. ३४९ रुपयांच्या मोबदल्यात आपण आपला एकमेव साक्षीदार त्यांच्या हवाली करतो, आणि वर पाच तारेही देतो. मुद्दाम कट रचून कुणी हे करतं असं मला वाटत नाही. यंत्रणाच तशी बांधली आहे, तिला वस्तू आणि तिची किंमत ह्यापलीकडचं घर दिसत नाही.

सरकारी यंत्रणेचंही थोडंफार तसंच. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या ऑनलाइन दुकानाला प्रमाणित नसलेले २,२६५ प्रेशर कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे द्यायला सांगितलं. आदेश चांगलाच होता. पण तोही कुकरच्या किमतीपुरताच.

तेव्हा पाइप ठेवून घ्यावा. पाणी पुसण्याआधी फोटो काढावेत, सुताराकडून, रफूवाल्याकडून लेखी अंदाज घ्यावा, आणि वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहून कळवावं. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असा नियम आहे. नाहीच जमलं तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. शुल्क वस्तूच्या किमतीवर ठरतं, आणि पाच लाखांपर्यंत ते शून्य आहे. म्हणजे चाळीस हजारांची भरपाई मागा, पाइप ३४९चाच! सात वर्षं वापरलेल्या पलंगाला नव्याची किंमत मिळेल अशी आशा मात्र धरू नये. शालूचं तर बिलच नसतं, तिथे जुने फोटो उपयोगी पडतात.

पण हे सगळं ग्राहकानेच का करायचं? वस्तू परत करताना कारणांची यादी येते बघा: रंग आवडला नाही, माप चुकलं, दुसरीकडे स्वस्त मिळालं. त्या यादीखाली एक साधा प्रश्न घालायला काय हरकत आहे? 'ह्या वस्तूमुळे घरात आणखी काही खराब झालं का?' 'हो' म्हटलं की वस्तू उचलायला माणूस पाठवायचा नाही, आधी पाहणीला पाठवायचा.